आमचा नाका आणि आमची लाईन

आमच्या गावाचे नाव नुसते कनेरगाव नाही, कनेरगाव नाका आहे. एस.टी.च्या पाटीवर तसेच आणि रेल्वे स्टेशनच्या फलकावरही तसेच. तीन-चार पिढ्या आम्ही हे नाव उच्चारतो आहोत, पण हा नाका कुणाचा आणि कशासाठी, हे आमच्यातल्या तरुण मंडळींना विचारले तर बहुतेक जण डोके खाजवतात. पुण्याकडच्या आमच्या एका भाचेसुनेला तर तो टोलनाका वाटला होता!

तेव्हा आज थोडा इतिहास. विषय रेल्वेचा आहे, पण सुरुवात नाक्यापासूनच करावी लागेल.

आमच्या भागातून वाहणारी पैनगंगा ही एके काळी नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. अलीकडे हिंगोली, म्हणजे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडे वाशिम, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड नावाला निजामाचे असले तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होते, आणि १९०२ च्या करारानंतर कायमचेच तिकडे गेले. संस्थानात मालाची ने-आण करताना जकात द्यावी लागे. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. इकडचे नाणे हाली सिक्का, तिकडचे कलदार. भाषा एक, पीक एक, सोयरीक एक. फक्त नाणे आणि सरकार दोन. आमची आजी वाशिमच्या बाजूची. ती माहेरी जायला निघाली की आजोबा चेष्टेने म्हणत, "चालली परमुलखात!" बैलगाडीने एका दिवसाचाही प्रवास नव्हता तो.

आता रेल्वेकडे वळतो. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे, तेव्हा मुलांना नेहमी एक प्रश्न घालायचो. "पूर्णेहून निघालेली गाडी १९१२ साली हिंगोलीपर्यंत आली. पुढे वाशिम पन्नास किलोमीटरच्या आत. तरी तिला तिथे पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक का लागले?" मुले पटकन हात वर करून सांगत, "डोंगर आडवे आले, सर." उत्तर चूक. हिंगोली आणि वाशिमच्या मध्ये रेल्वेला अडवील असा डोंगर नाही. आडवा आला तो नाका.

हे मी एवढ्या खात्रीने का म्हणतो ते सांगतो.

आपल्याकडे पहिली रेल्वे १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे धावली. त्यानंतर दहा वर्षांत, १८६३ साली, जी.आय.पी. रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि १८६५ साली थळघाट. सह्याद्रीचा तो कडा चढताना चढण काही ठिकाणी १:३७ आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. वाचायला सोपे वाटते, पण गाडीसाठी ही फार मोठी चढण. बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले, हजारो मजूर त्यात दगावले, पण रेल्वे वर चढली. कारण वर कापूस होता. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर मार्ग पुरा झाला, अकोला मुंबईशी जोडले गेले आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला.

या मुख्य रेल्वेचा गेज ब्रॉड, म्हणजे दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट. पुढे १८७० च्या सुमारास सरकारने खर्च वाचवण्यासाठी मीटर गेज पत्करला. त्यात दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. रूळ हलके, पूल छोटे, वळणे जास्त तीव्र घेता येतात, म्हणून डोंगराळ मुलखात तो स्वस्त पडतो. इंदूरच्या होळकरांनी एक कोटी रुपये कर्ज देऊन खंडवा-इंदूर रेल्वे करवून घेतली, ती मीटर गेजचीच. निजामाच्या मुलखात मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, तीही मीटर गेजची. आणि तिच्याच पूर्णा स्टेशनातून फाटा फुटून १९१२ साली हिंगोलीला आला. पन्नास मैलांचा.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेकडून मीटर गेज खंडव्यापर्यंत आली आहे. दक्षिणेकडून मीटर गेज हिंगोलीपर्यंत आली आहे. मध्ये वाशिम, अकोला, अकोट आणि सातपुडा. दोन्ही टोके एकमेकींकडे तोंड करून उभी, आणि मध्ये सुमारे तीनशे किलोमीटरची रिकामी जागा.

ती का भरली गेली नाही? निजामाच्या रेल्वेला आपल्या मुलखातला कापूस आपल्याच रुळांवरून न्यायचा होता. तो हिंगोलीला गोळा करून पूर्णेकडे नेला की तिचे काम झाले. फाटा वाशिमला नेला असता तर उलट हिंगोलीचा कापूस अकोल्याकडे वळण्याचा धोका. पलीकडे जी.आय.पी.ला वाशिमचा कापूस बैलगाड्यांनी अकोल्याला आयता येत होता. मग सरहद्द ओलांडून दुसऱ्याच्या दारात रूळ कोण टाकणार? ज्यांनी बोरघाट चढला त्यांना वाशिमचे पठार चढणे जड नव्हते. जड होते ते दोन हिशेबवह्या एक करणे. हे माझे मत आहे, कुणी वेगळे सांगत असेल तर ऐकायला आवडेल.

या थांबण्याने हिंगोलीचे मात्र भले झाले, हेही सांगायला हवे. शेवटचे स्टेशन असले की सगळ्या पंचक्रोशीचा माल तिथे येतो. आमचे आजोबा कापसाच्या गाड्या हिंगोलीलाच नेत. पहाटे निघायचे, बाजारात नंबर लावायचा, रात्री गाडीखालीच झोपायचे. घरात "स्टेशन" हा शब्द हिंगोलीसाठीच वापरला जाई. "स्टेशनला गेलेत" म्हणजे हिंगोलीला गेलेत. आजही त्या स्टेशनचे नाव "हिंगोली डेक्कन" आहे, आणि ते वाचले की मला निजामाचा काळ आठवतो.

मग सरहद्दच हलली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. निजामाची रेल्वे केंद्र सरकारच्या ताब्यात आली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती आणि जी.आय.पी. या दोन्ही मिळून मध्य रेल्वे तयार झाली. म्हणजे ज्या दोन कंपन्या पैनगंगेच्या दोन काठांवर पाठ फिरवून बसल्या होत्या त्या एकाच घरात आल्या. हिशेबवही एक झाली! आणि लगेच पंचवार्षिक योजनांच्या काळात खंडवा-हिंगोली मार्गाचे काम हाती घेतले गेले.

गंमत बघा. काम सुरू झाले तेव्हा हिंगोली हैदराबाद राज्यात आणि वाशिम-अकोला मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. रूळ टाकणारे मजूर एकाच जागी काम करत राहिले आणि त्यांच्या पायाखालचे राज्य बदलत गेले. १९६० च्या आसपास, टप्प्याटप्प्याने, हा मार्ग वाहतुकीला खुला झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. काळे इंजिन आमच्या गावात थांबले याचे अप्रूप मोठ्या माणसांनाच जास्त होते. आजी म्हणाली, "आता माहेर फार लांब राहिलं नाही."

हा मार्ग कसा आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण त्याची भौगोलिक रचना फार सुंदर आहे. पूर्णा ते अकोला सुमारे दोनशे दहा किलोमीटर आणि अकोला ते खंडवा आणखी पावणेदोनशेच्या आसपास. एवढ्या अंतरात ही लाईन तीन नद्यांची खोरी पाहते. पूर्णेहून वाशिमपर्यंत गोदावरीचे खोरे. वसमतचा सपाट पट्टा, हिंगोलीची कयाधू, आमची पैनगंगा, या सगळ्यांचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. वाशिमचे पठार साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. तिथून जऊळका, अमानवाडी, लोहगड, बार्शीटाकळी असे करत गाडी अकोल्याला उतरते, म्हणजे अडीचशे मीटरच्या आसपास खाली येते. इथले पाणी तापीला मिळते, अरबी समुद्राला जाते. अकोल्याच्या पुढे गांधीग्रामजवळ गाडी पुन्हा एक पूर्णा नदी ओलांडते. ही पूर्णा वेगळी, तापीची उपनदी. एका पूर्णेच्या काठाहून निघायचे आणि दुसरी पूर्णा ओलांडायची, हे मुलांना सांगितले की ती कधी विसरत नसत. पुढे अकोट, हिवरखेड, मग सातपुडा चढून पलीकडे खंडव्याला नर्मदेचे खोरे.

डोंगराइतकीच अवघड असते ती आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ भराव घातला तर रूळ वरखाली होतात. म्हणून मुरूम आणून थर द्यावा लागतो, पाण्याला वाट काढून द्यावी लागते. घाटातला बोगदा सगळ्यांना दिसतो, पण सपाटीवरच्या या मोऱ्या आणि मुरमाचे थर कुणी पाहत नाही. लाईन टिकते ती त्यांच्यावर.

सातपुड्यात धुळघाट म्हणून ठिकाण आहे. तिथे चढण एवढी की सरळ वर जाणे अशक्य. मग इंजिनिअरांनी रूळ डोंगराभोवती गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेला. खाली ज्या रुळावरून गाडी आली तोच रूळ ती वरच्या पुलावरून ओलांडते. वरून पाहिले तर चारचा आकडा दिसतो, म्हणून लोक त्याला "चार का आकडा" म्हणत. अंतर वाढवून चढण कमी करणे हे तत्त्व आपल्या बैलांनाही माहीत असते. भरलेली गाडी टेकाड चढताना ते आपोआप तिरपे चालतात.

या मार्गाचे महत्त्व केवळ आमच्यापुरते नव्हते. उत्तरेकडचे मीटर गेजचे जाळे आणि दक्षिणेकडचे जाळे त्याने एकमेकांना जोडले. राजस्थानात भरलेला डबा माल न उतरवता सिकंदराबादला आणि पुढे थेट तमिळनाडूपर्यंत जाऊ शकत होता. जयपूर आणि काचिगुडा यांच्या दरम्यान धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. अजमेरला जाणारे भाविक, राजस्थानातून येणारे व्यापारी, हैदराबादेत कामाला असलेले आमचे नातेवाईक, सगळे तिच्यातून जात. आमच्या घरातली निदान तीन लग्ने त्या गाडीच्या वेळेवर ठरली आहेत. संबंधितांनी आपापले ओळखावे!

पण मंडळी, एक नाका गेला की दुसरा उभा राहतो. आमच्या बाबतीत दुसरा नाका गेजचा. अकोल्याला मीटर गेज आणि ब्रॉड गेज एकाच स्टेशनात शेजारी शेजारी, पण एकीचा डबा दुसरीवर जाऊ शकत नाही. प्रत्येक पोते उतरवा, पुन्हा चढवा. वेळ गेला, हमाली गेली, वर फाटतूट आणि चोरी. जकातीचा माणूस नसलेला हा जकातनाकाच होता. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ब्रॉड गेजची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली ती याचसाठी. नव्वदच्या दशकात मनमाड-औरंगाबाद-नांदेड मार्ग रुंद झाला, पण आमचा मात्र अरुंदच राहिला. पूर्णेला येऊन गाडी बदलणे हे नशिबी आले. पूर्णा-अकोला रुंदीकरण पुरे झाले ते २००८ साली. १९१२ पासून मोजा, शहाण्णव वर्षे.

पुष्कळांना वाटते, रुंदीकरण म्हणजे दुसरा रूळ थोडा बाजूला सरकवायचा. तसे नसते. जड गाड्यांसाठी पूल नवे लागतात, भराव रुंद करावा लागतो, वळणे मोठी करावी लागतात. वळण मोठे केले की जमीन वेगळी लागते. सपाटीवर हे जमते. धुळघाटसारख्या ठिकाणी जमत नाही, कारण तो चारचा आकडा ब्रॉड गेजच्या गाडीला पेलणारा नाही. तिथे मार्गच नवा शोधावा लागतो.

तिसरा नाका कारभाराचा. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबादला. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, त्यात आमची लाईन येते. पण अकोला स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. आमचा जिल्हा हिंगोली १९९९ चा, मराठवाड्यात. पलीकडचा वाशिम १९९८ चा, विदर्भात. एका गाडीची मागणी करायची तर दोन महसूल विभाग, दोन रेल्वे आणि मुख्यालय तेलंगणात. हे सगळे गैरसोयीचे आहे खरे, पण निदान कागदावरचे आहे. मनात आणले तर सुटते.

चौथा नाका मात्र निराळा आहे, आणि त्याच्याविषयी लिहावे म्हणूनच आजचा हा खटाटोप.

अकोला-खंडवा मीटर गेज २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉड गेज होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे गाडी धावू लागली. पण अकोटच्या पुढे सातपुड्यात जुनी लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. जुन्या लाईनवरून दिवसाकाठी मोजक्या हळू गाड्या जात. ब्रॉड गेज झाली की जलद गाड्या आणि मालगाड्या दिवसरात्र जाणार. म्हणून वन्यजीवप्रेमींनी विरोध केला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्यावा असे सुचवले. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा, जळगाव जामोद या बाजूने वळसा घालणारा मार्ग पुढे आला. हा मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे. तोवर अकोल्याहून खंडव्याला रेल्वेने जायचे तर भुसावळला वळसा.

आमच्याकडे चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की सरळ म्हणतात, "वाघासाठी माणसांना अडवतात." माझे पूर्वीचे विद्यार्थी त्यात असतात, आणि त्यांची चीड मी समजू शकतो. शहाण्णव वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांना आणखी थांबा म्हणणे सोपे नाही. धुळघाट, डाबका या बाजूच्या कोरकू वस्त्यांचा विचार केला तर मलाही वाईट वाटते. त्यांच्या दारावरून जाणारी एकुलती एक गाडी गेली. वळसा झाला तरी त्यांच्याकडे ती परत येणार नाही. त्यांच्यासाठी रस्ता आणि एस.टी. तरी नीट हवी, हे रेल्वेचा वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

तरीही माझे मत वळशाच्या बाजूचे आहे. पैनगंगेवरचा नाका माणसाने घातला होता, दोन सरकारांच्या सोयीसाठी. गेजचा नाका माणसाने घातला, पैसे वाचवण्यासाठी. कारभाराचा नाकाही माणसाचाच. हे तिन्ही काढता येण्यासारखे होते, उशिराने का होईना काढता आले किंवा येतील. मेळघाटाचे जंगल कुणी आपल्या फायद्यासाठी आडवे ठेवलेले नाही. सिपना आणि गडगा या नद्यांचा उगम त्याच डोंगरांत आहे. ते एकदा मोडले तर शंभर वर्षांनी अर्ज करून परत मिळायचे नाही. धुळघाटला आपल्याच इंजिनिअरांनी डोंगर फोडण्याऐवजी त्याच्याभोवती फेरी घातली होती. ती फेरी शरमेची कुणाला वाटली नाही, उलट लोक खिडकीतून डोके काढून कौतुकाने बघत. मग आज जंगलाभोवती थोडी मोठी फेरी घातली तर बिघडले कुठे?

मात्र वळसा हा वळसाच असावा, विसर पडण्याचे निमित्त नसावे. आमचा अनुभव हाच आहे की एकदा काम "विचाराधीन" झाले की पिढी जाते. मार्च २०२४ मध्ये जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. हिंगोलीहून थेट मुंबई! पण नकाशा बघता बघता लक्षात आले की एकशे बारा वर्षांनी हिंगोली पुन्हा कुठल्या तरी गाडीचे शेवटचे स्टेशन झाले आहे, आणि आमचा नाका पुन्हा त्याच्या पलीकडे आहे. असो. तक्रार नाही, नोंद आहे.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. मीनाक्षी एक्सप्रेसची, पूर्णेच्या गाडीबदलाची, धुळघाटच्या चारच्या आकड्याची कुणाकडे आठवण, तिकीट किंवा फोटो असेल तर पाठवा. वाशिमच्या मामांकडे आजीच्या वेळचे काही हाली पैसे होते असे ऐकले आहे. ते अजून असतील तर एकदा बघायचे आहेत. पुढच्या आठवड्यात सकाळच्या पॅसेंजरने येतो. पाऊण तासाच्या आत पोहोचेन, चहा टाकून ठेवा.